चपळ बॉक्सर बलाढ्य हेवीवेट चॅम्पियनला अडचणीत आणू शकतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉक्सिंगच्या गप्पा रंगल्या की हा वाद हमखास निघतो. एकीकडे असा चॅम्पियन, ज्याचा एक ठोसा नीट बसला की समोरचा आडवा. दुसरीकडे ताकदीने कमी, पण पायांनी आणि नजरेने तेज असलेला गडी, जो हाताला लागतच नाही. जुन्या लढतींच्या फिल्म वर्षानुवर्षं पाहून जे समजलं आणि लोक मला जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे लिहिलं आहे. सगळ्यात जास्त जागा १९४१ च्या जो लुईस आणि बिली कॉन यांच्या लढतीला दिली आहे, कारण या वादातलं जवळपास सगळं त्या एका रात्रीत घडून गेलं.

‘चपळ’ किंवा ‘स्लिक’ बॉक्सर म्हणजे नक्की कोण? नुसता पळणारा?

नाही. ही गल्लत सगळ्यात आधी दूर करायला हवी. पळणारा बॉक्सर अंतर वाढवत जातो. त्याला ठोसा लागत नाही, पण त्यालाही मारता येत नाही. स्लिक बॉक्सर समोरच्याच्या पल्ल्याच्या अगदी काठावर उभा राहतो. ठोसा सुटला की डोकं दोन बोटं बाजूला घेतो, ठोसा कानाजवळून जातो आणि समोरच्याचा हात परत जायच्या आत याचा ठोसा पोहोचलेला असतो. कबड्डीत कसलेला चढाईपटू पकडीच्या टप्प्यात पाय टाकतो, बचावपटू झेपावला की पाय काढून घेतो आणि त्याच झेपेत त्याला बाद करतो, तसलाच हा प्रकार.

मग थेट उत्तर द्या. आणू शकतो का अडचणीत?

हो, आणि अनेकदा आणलंय. पण अडचणीत आणणं वेगळं आणि जगज्जेतेपदाचा पट्टा काढून घेणं वेगळं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, चॅम्पियनला पुढे येण्याची किंमत मोजायला लावेल असा ठोसा. तो नॉकआउट करणारा नसला तरी चालेल, पण खाल्ल्यावर पुढचं पाऊल टाकताना विचार करायला लागला पाहिजे. दुसरी, जे चाललंय तेच शेवटच्या घंटेपर्यंत करत राहण्याचा धीर. माझ्या मते बहुतेक जण दुसऱ्या गोष्टीत कमी पडले.

सगळे लुईस आणि कॉनच्या लढतीचंच उदाहरण का देतात?

कारण त्या वेळचा लुईस म्हणजे ‘बलाढ्य चॅम्पियन’ या शब्दांचा चालताबोलता अर्थ होता. २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून तो जगज्जेता झाला आणि पुढे तब्बल २५ वेळा त्याने ते पद राखलं. डिसेंबर १९४० पासून तर तो दर महिन्याला एक आव्हानवीर अंगावर घेत होता. जून १९४१ मध्ये पाळी आली बिली कॉनची.

कॉन पिट्सबर्गचा, आयरिश वंशाचा, २३ वर्षांचा. लाइट हेवीवेट या हलक्या वजनगटाचं जगज्जेतेपद त्याच्याकडे होतं आणि लुईसशी लढण्यासाठी त्याने ते सोडून दिलं. लढतीच्या दिवशी लुईसचं वजन १९९.५ पाउंड जाहीर झालं, कॉनचं १७४. प्रत्यक्षात कॉन त्याहूनही हलका होता असं नंतर बोललं गेलं. फरक फार मोठा दिसू नये म्हणून आकडा फुगवला होता म्हणे.

१८ जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान, पन्नास हजारांहून जास्त प्रेक्षक. पहिल्या दोन फेऱ्यांत कॉन बिचकलेला होता, पहिल्या फेरीत तर त्याचा पाय घसरून तो खालीही गेला. तिसऱ्या फेरीपासून मात्र फिल्ममध्ये वेगळाच माणूस दिसतो. लुईस जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) टाकायला खांदा हलवतो तेवढ्यात कॉन दोन डावे मारून उजवीकडे निघून गेलेला असतो. लुईसने मधल्या फेऱ्यांत पोटावर काम करून त्याला थोपवलं, ठोशांनी कॉनला जखमही झाली. पण आठवीनंतर कॉन पुन्हा वर आला. बाराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) लुईसचे गुडघे डगमगले आणि चॅम्पियनला चक्क मिठी मारून सावरावं लागलं. मी ती फेरी कितीतरी वेळा पाहिली आहे. दर वेळी लुईसच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं. तो घाबरलेला नाही, पण हिशेब चुकल्याचं त्याला कळलेलं आहे.

बारा फेऱ्यांनंतर, जिंकलेल्या फेऱ्यांच्या हिशेबात, एका पंचाच्या कार्डावर ७–५ कॉन, दुसऱ्याच्या ७–४ आणि एक बरोबरी असा कॉन, तिसऱ्याच्या ६–६. लढत पंधरा फेऱ्यांची. लुईसच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्नने त्याला सांगितलं की आता नॉकआउटशिवाय गत्यंतर नाही. कॉनच्या कोपऱ्यातले लोक त्याला लांब राहा म्हणून विनवत होते.

कॉन लांब राहिला नाही. बाराव्या फेरीतल्या त्या हुकने त्याला वाटलं, हा आता पडतोय. तेराव्या फेरीत तो समोर उभा राहून लुईसशी ठोशाला ठोसा खेळू लागला. लुईसला आख्ख्या रात्रीत हेच हवं होतं. एक उजवा बसला, कॉन हलला आणि मग लुईसने उजव्या-डाव्यांची जी सर लावली ती कॉन खाली जाईपर्यंत थांबली नाही. दहा आकडे पुरे झाले तेव्हा फेरी संपायला दोन सेकंद उरले होते. दोन सेकंद तग धरला असता तर घंटा वाजून तो कोपऱ्यात गेला असता.

म्हणजे कॉनने शेवटच्या तीन फेऱ्या नुसतं पळून काढायला हव्या होत्या?

पळून नाही. आधीच्या दहा फेऱ्या जसा लढला तसाच लढायला हवं होतं. यात फरक आहे आणि तो पुढच्या प्रश्नात स्पष्ट होईल. कॉन स्वतः आयुष्यभर या फेरीबद्दल बोलत राहिला. आयरिश असून मूर्खपणा करता येत नसेल तर आयरिश असण्याचा उपयोग काय, हे त्याचं वाक्य प्रसिद्धच आहे. पुढे दोघांची चांगली मैत्री झाली. कॉनने एकदा म्हटलं, सहा महिने मला पट्टा उसना दिला असतास तर काय बिघडलं असतं? त्यावर लुईसचं उत्तर सांगतात ते असं: बारा फेऱ्या तुझ्याकडेच होता की, तुला सांभाळता आला नाही.

मला मात्र कॉनला मूर्ख म्हणवत नाही. त्याची आई तेव्हा कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली होती, लढतीनंतर काही दिवसांतच ती गेली. तेविसाव्या वर्षी, ती काळजी मनात घेऊन, जगातल्या सगळ्यात धोकादायक माणसाला डगमगताना पाहिल्यावर कोणाचं डोकं शांत राहील?

मग जर्सी जो वॉलकॉटचं काय? तो तर शेवटी लुईसपासून लांबच राहिला होता ना?

हो, आणि त्यालाही पट्टा मिळाला नाही. ५ डिसेंबर १९४७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वॉलकॉटची चाल विलक्षण होती. पाठ फिरवल्यासारखं करून दोन पावलं चालायचा आणि वळता वळता उजवा हाणायचा. त्याने लुईसला पहिल्या आणि चौथ्या फेरीत खाली पाडलं. आपण पुढे आहोत या खात्रीने शेवटच्या फेऱ्यांत तो मागे सरकत राहिला. रेफरी रुबी गोल्डस्टीनने वॉलकॉटला जिंकवलं, पण दोन्ही पंचांनी लुईसला. प्रेक्षकांनी निकालाची हुर्यो उडवली आणि निकाल लागायच्या आधीच लुईस रिंगमधून निघाला होता, कारण त्यालाच आपण हरलो असं वाटत होतं.

कॉन अंगावर गेला म्हणून हरला, वॉलकॉट मागे सरला म्हणून हरला. चॅम्पियनला हरवायचं तर पंचांना दिसेल असं हरवावं लागतं. मागे जाणाऱ्याच्या पदरात सहसा संशयाचा फायदा पडत नाही. माझं मत विचाराल तर १९४७ चा निकाल चुकलाच होता.

वॉलकॉटला १९४८ मध्ये पुन्हा संधी मिळाली, त्याने लुईसला पुन्हा एकदा पाडलं, पण अकराव्या फेरीत तो स्वतः बाद झाला. शेवटी १९५१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, एझर्ड चार्ल्सला हरवून तो जगज्जेता झालाच.

आजच्या नियमांत कॉन जिंकला असता का?

कार्डांवरून तरी हो. आज जगज्जेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांच्या असतात आणि बाराव्या फेरीअखेर दोन पंचांकडे कॉन पुढे होता. हा बदल झाला तो एका दुःखद घटनेनंतर. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीपर्यंत लढलेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर आधी एका संघटनेने आणि मग बाकीच्यांनी पंधराच्या बारा फेऱ्या केल्या. बॉक्सरच्या जिवासाठी ते योग्यच झालं. पण या वादात त्याचा परिणाम लक्षात ठेवावा लागतो: आज चपळ बॉक्सरला नऊ मिनिटं कमी काढावी लागतात आणि जुने ताकदवान चॅम्पियन आपली शिकार याच नऊ मिनिटांत साधायचे.

अर्थात बाराच फेऱ्या आहेत हे माहीत असतं तर लुईसनेही घाई आधीच केली असती.

ताकदवान चॅम्पियन चपळ माणसाला पकडतो कसा?

पाठलाग करून नाही. नवखा माणूस मागे धावतो आणि कोपऱ्यात पोहोचेपर्यंत समोरचा तिथून निघून गेलेला असतो. लुईसचे पाय बघा. तो जवळजवळ घसटत चालतो, छोटी छोटी पावलं, पण ती समोरच्याकडे नसून तो जिथे जाणार आहे तिथे पडतात. समोरचा डावीकडे निघाला की हाही तिरका त्या बाजूला. अशाने रिंग लहान होत जाते. दुसरं म्हणजे शरीरावर मारा. डोकं हलतं, पोट तेवढं हलत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीत बरगड्यांवर पडलेला ठोसा टाळ्या मिळवत नाही, पण अकराव्या-बाराव्या फेरीत पाय जड होतात ते त्याच्यामुळे. तिसरं, खांद्यावर आणि दंडावर मारणं. लागेल तिथे लागू दे, बचावाला धरलेले हात खाली आले पाहिजेत.

१९४६ मध्ये कॉनशी पुन्हा लढत ठरली तेव्हा लुईस म्हणाला होता, “तो पळू शकेल, पण लपू शकणार नाही.” मधली चार वर्षं महायुद्धात गेली होती, दोघेही मंदावले होते. कॉन आठव्या फेरीत बाद झाला. ती लढत पाहवत नाही, सोडून दिली तरी चालेल.

ऐन भरातल्या माईक टायसनला स्लिक बॉक्सर भारी पडला असता का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी एक गोष्ट, जी लोक विसरतात: भरातला टायसन स्वतःच स्लिक होता. त्याचा गुरू कस डमॅटोने त्याला हात गालाशी ठेवून, डोकं सतत डावी-उजवीकडे झुलवत आत शिरायला शिकवलं होतं. १९८६–८८ च्या टायसनला जॅब मारणंच अवघड होतं. म्हणजे चपळाई विरुद्ध ताकद असा सरळ सामना नव्हताच. चपळाईही त्याच्याच बाजूला होती.

तरीही धागे सापडतात. मे १९८६ मध्ये जेम्स टिलिस हा टायसनविरुद्ध पूर्ण दहा फेऱ्या उभा राहणारा पहिला बॉक्सर ठरला आणि काही फेऱ्या त्याने चांगल्या काढल्या. मार्च १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने बारा फेऱ्या मिठ्या मारून काढल्या. तो तग धरणं झालं, लढणं नव्हे. १ ऑगस्ट १९८७ रोजी टोनी टकरने मात्र पहिल्याच फेरीत डाव्या अपरकटने (खालून वर हनुवटीकडे मारलेल्या ठोशाने) टायसनला हलवलं. टकर सहा फूट पाच इंच, तोवर अपराजित. पण पुढे त्याचा उजवा हात जवळजवळ बंद पडला आणि टायसन गुणांवर आरामात जिंकला. वर म्हटलेली पहिली अट इथे दिसते: एका हाताने टायसनला किंमत मोजायला लावता येत नाही.

पण बस्टर डग्लसने तर हरवलंच ना?

हरवलं, आणि फार सुंदर लढून हरवलं. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम. पैजांमध्ये डग्लसवर ४२ ला १ असा भाव होता. २३ दिवसांपूर्वी त्याची आई वारली होती. टायसनपेक्षा त्याच्या हातांचा पल्ला बारा इंचांनी जास्त आणि त्या रात्री त्याने त्यातला एकेक इंच वापरला. जॅब, मागोमाग उजवा, टायसन आत शिरला की अपरकट, आणखी जवळ आला की मिठी. मिठीत टायसन नुसता उभा राहायचा, कारण त्याच्या तालमीतून जवळचं काम निघून गेलं होतं. जुना प्रशिक्षक केव्हिन रूनीला त्याने १९८८ च्या अखेरीस काढून टाकलं होतं. नव्या कोपऱ्याकडे सूज दाबायचं थंड लोखंडी साधनसुद्धा नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते त्याच्या डोळ्यावर धरत होते. फेऱ्यांमधल्या त्या दृश्यात मोजा गळतोय, डोळा बंद होत चाललाय आणि कोणी काही उपयोगाचं सांगत नाहीये.

आठव्या फेरीच्या शेवटी टायसनच्या अपरकटने डग्लस पडला, नऊच्या आकड्यावर उठला. इथे तो कॉनसारखा बिथरला नाही, वॉलकॉटसारखा मागेही सरला नाही. नवव्या फेरीत पुन्हा तोच जॅब. दहाव्या फेरीत अपरकट आणि पाठोपाठ चार ठोसे. टायसन कारकिर्दीत पहिल्यांदा खाली, हातांवर आणि गुडघ्यांवर, दात-रक्षक शोधत चाचपडतोय, ते तोंडात उलटसुलट कोंबतोय. रेफरी ऑक्टाव्हिओ मेयरानने त्याला कवेत घेऊन लढत संपवली.

आता ‘तो भरातला टायसन नव्हता’ हा आक्षेप. तो काही अंशी बरोबर आहे. पण डग्लसच्या उंचीचा, पल्ल्याचा आणि त्या रात्रीच्या मनःस्थितीचा माणूस १९८८ मध्येही टायसनला बारा फेऱ्या घाम गाळायला लावता, असं माझं ठाम मत आहे. जिंकला असता का? १९८८ चा टायसन आठव्या फेरीत त्याला उठू देता असं वाटत नाही.

सॉनी लिस्टन आणि कॅशियस क्ले (पुढचा मुहम्मद अली)?

या वादातला सगळ्यात स्वच्छ निकाल. २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. तेव्हाच्या जगज्जेत्या लिस्टनने फ्लॉइड पॅटरसनला दोनदा पहिल्याच फेरीत उडवलं होतं, त्यामुळे २२ वर्षांच्या क्लेला कोणी गणतीत धरत नव्हतं. पण इशारा आधीच मिळालेला होता: १९६० मध्ये एडी मॅचेन नावाचा चतुर बॉक्सर लिस्टनसमोर पूर्ण बारा फेऱ्या टिकला होता. क्लेकडे मॅचेनपेक्षा लांब हात आणि कितीतरी वेगवान जॅब. तिसऱ्या फेरीत लिस्टन डोळ्याखाली कापला गेला. पाचव्या फेरीआधी क्लेच्या डोळ्यांत काहीतरी झोंबणारं गेलं, त्याला लढतच सोडायची होती, प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला ढकलून बाहेर पाठवलं. ती फेरी त्याने अक्षरशः आंधळ्यासारखी, हात लांब धरून, पायांच्या जोरावर काढली. सहाव्यानंतर लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. कार्डांवर तेव्हा लढत बरोबरीत होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

वजनाचा फरक किती महत्त्वाचा?

महत्त्वाचा, पण वाटतो तेवढा निर्णायक नाही. १९८५ मध्ये लाइट हेवीवेटमधून आलेल्या मायकल स्पिंक्सने अपराजित लॅरी होम्सला हरवलं. २००९ मध्ये डेव्हिड हेने सात फुटी निकोलाय व्हॅल्युएव्हला हरवलं तेव्हा दोघांत जवळपास १०० पाउंडांचा फरक होता. पण तोच स्पिंक्स १९८८ मध्ये टायसनसमोर ९१ सेकंदांत संपला. फरक पाउंडांपेक्षा समोरच्याच्या वेगात होता. संथ राक्षसाला चकवता येतं. वेगवान राक्षसापुढे चुकीला जागा नसते.

चपळाईने जिंकलेली लढत कंटाळवाणी का वाटते?

कधीकधी ती असतेच. नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला टायसन फ्युरीने व्लादिमीर क्लिचकोला हरवलं. २००४ नंतर क्लिचको हरलाच नव्हता. बारा फेऱ्यांत त्याचे जेमतेम पन्नासेक ठोसे लागले, फ्युरीचे शंभराच्याही आत. बघणारे जांभया देत होते. पण क्लिचकोचा उजवा हात बघा. तो वर येतो, थबकतो आणि खाली जातो, पुन्हा पुन्हा. फ्युरी खांदे हलवून, हात बदलून, मुळात ठोसा मारायची वेळच येऊ देत नव्हता. ज्याला हे दिसलं त्याला ती लढत थरारक वाटते. मला वाटली.

आज या वादाचं उत्तर कोणाकडे आहे?

युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिककडे. क्रूझरवेटमधून, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटातून आला, २०२१ मध्ये लंडनला अँथनी जोशुआला गुणांवर हरवलं, मे २०२४ मध्ये रियाधला स्वतःपेक्षा जवळपास ४० पाउंडांनी जड फ्युरीला. डावखुरा, पाय सतत चालू, पण त्याच्या यशाचं मर्म शेवटच्या फेऱ्यांत आहे. मे २०२४ च्या नवव्या फेरीत त्याने फ्युरीला लागोपाठ मारून दोरखंडांवर झुलवलं आणि रेफरीने मोजणी केली. कॉनच्या तेराव्या फेरीची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. उसिकही अंगावर गेला. पण तो समोर उभा न राहता बाजूच्या कोनातून मारत होता आणि फ्युरी सावरल्याचं दिसताच दहाव्या फेरीत पुन्हा जॅबवर आला.

यातली एकच लढत पाहायची तर कोणती?

लुईस–कॉन, आणि पूर्ण. नुसती तेरावी फेरी पाहू नका, सगळे तेच करतात. तिसरीपासून सुरू करा आणि कॉनच्या डाव्या पायावर नजर ठेवा. प्रत्येक देवघेव झाली की तो पाय आधी बाहेर पडतो, मग अंग. बाराव्या फेरीत हुक बसल्यानंतर पहिल्यांदाच तो पाय जागेवर राहतो.